पंचेचाळीस मिलिमीटरचा साखरपुडा

बॉडी आली तेव्हा मी न्हाणीघरात होतो. बाहेर कुरियरवाल्याची हाक ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला, आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मी आतूनच ओरडलो, "मालू, बॉडी आली काय गं?"

"आली!" आमच्या मालूनं तितक्याच मोठ्यानं सांगितलं. "पण नुसती बॉडीच हाय. फुडं डोळा न्हाय तिला!"

या संवादात आम्हा नवराबायकोला काहीच वावगं वाटलं नाही. पण आमच्या आणि शेजारच्या भावकू अण्णांच्या घरामधली कंपाउंडची भिंत जेमतेम छातीएवढी आहे, आणि अण्णांची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेल्यामुळं त्यांचे कान कुठल्याही गलक्यातून हवा तो आवाज वेचून काढतात. मी कपडे करून बाहेर आलो तर अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून पायरीवर उभे. मागं गल्लीतले आणखी दोघंतिघं, चपला काढून, माना खाली घालून.

"कवा झालं?" अण्णांनी हळू आवाजात विचारलं.

"आत्ताच की. आंघोळीला गेलतो आणि आली."

"कुठनं आणली?"

"पुण्यातनं. मेव्हण्यानं पाठवली. कुरियरनं."

अण्णा खालीच बसले. "कुरियरनं?" ते मागच्यांकडं वळून म्हणाले, "बघा. माणसाला यायलाबी सवड न्हाय आता." मग माझा हात हातात घेऊन, "दर्शन घ्यावं म्हणतो."

"घ्या की. टेबलावरच ठेवलीया."

ते आत गेले, टेबलाजवळ थांबले, आणि डबाभर थर्माकोलमध्ये निजलेल्या त्या काळ्या, तळहाताएवढ्या कॅमेऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर ते जे बोलले ते छापण्यासारखं नाही. चहा मात्र पिऊन गेले.

तर अशी सुरुवात झाली. माझं नाव महादेव पावशे. गाव कंग्राळी, राहायला बेळगावात, नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरची. ओतीव लोखंडाचे भाग मोजायचे आणि केसाएवढाही फरक दिसला तर बाजूला टाकायचे, हे माझं काम. मिलिमीटरवर माझं घर चालतं. त्यामुळं मेव्हण्यानं त्याचा जुना मिररलेस कॅमेरा मला द्यायचं ठरवलं आणि फोनवर सांगितलं, "दाजी, बॉडी देतो, लेन्स तुम्ही घ्या, पण झूम घेऊ नका, प्राइम घ्या," तेव्हा मी जराही डगमगलो नाही. प्राइम म्हणजे एकाच मापाची लेन्स. सतरा मिलिमीटर, पंचवीस मिलिमीटर, पंचेचाळीस मिलिमीटर. माप आलं की मी आलोच!

शिवाय निमित्तही तसंच होतं. आमच्या सौम्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा निपाणीचा, आदर्श नावाचा, आणि नावाला शोभेल इतपत बरा. त्याचे वडील ज्योतिबा अण्णा, तंबाखूची शेती असलेला, छाती भरून हसणारा दिलदार माणूस. साखरपुडा निपाणीला त्यांच्याकडं करायचं ठरलं. बैठकीत ते म्हणाले, "हॉल आमचा, जेवण आमचं, फोटोवालाबी आमचाच सांगतो." आता मुलीचा बाप झाला म्हणून काय, त्याला काही मान आहे की नाही? मी घसा खाकरून म्हणालो, "फोटो आमच्याकडनं." मालूनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण पाय काढून घेता येतो, शब्द घेता येत नाही.

तेव्हा माझ्याकडं कॅमेरा होता तो असा. लेन्स नसलेला. म्हणजे चूल आहे, तवा नाही.

लेन्सच्या जगात शिरलो आणि पहिला धक्का बसला तो मापाचाच. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याची पंचवीस मिलिमीटरची लेन्स मी व्हर्नियर लावून मोजली. कुठूनही पंचवीस भरेना! लांबी वेगळी, रुंदी वेगळी, काचेचा व्यास तिसराच. मी असा माल पाठवला असता तर सबंध लॉट रिजेक्ट झाला असता. मग कळलं की हे पंचवीस म्हणजे आतल्या आत प्रकाश कुठं एकत्र येतो त्याचं माप. बरं, ते सोडलं. पुढं आणखी एक आकडा, एक पूर्णांक आठ. हा आकडा जितका लहान तितकं आतलं भोक मोठं, असं सगळेच सांगत होते. मी नोकरीभर भोकं मोजली आहेत. आकडा लहान झाला की भोक मोठं होतं असं म्हणणाऱ्या माणसाला आमच्या शॉपमध्ये डोक्याला थंड पाणी लावून घरी पाठवतात.

तरीही हळूहळू उमजलं. सतरात सगळा मांडव मावतो. पंचवीसमध्ये साधारण आपल्या डोळ्यांना दिसतं तसं. आणि पंचेचाळीसमध्ये चेहरा असा येतो, की मागचं सगळं जग लोण्यासारखं विरघळतं आणि समोरचं माणूस तेवढं राहतं. झूम नसल्यामुळं जवळ-लांब करायचं ते पायानं.

"म्हंजे?" भावकू अण्णांनी भिंतीवरून विचारलं. ते आता या विषयाचे माझे सल्लागार झाले होते. "मोठं दिसाय पाहिजे तर आपुन फुडं जायाचं?"

"व्हय."

"आणि बारीक दिसाय पाहिजे तर मागं सरायचं?"

"व्हय अण्णा."

"मग लेन्स काय करती बसून?"



एकच लेन्स घ्यायची होती. सतरा, पंचवीस की पंचेचाळीस, हा निर्णय इन्स्पेक्टरला शोभेल अशा रीतीनं घ्यायचा म्हणून मी पुठ्ठ्याच्या तीन चौकटी कापल्या. डोळ्यापासून ठरलेल्या अंतरावर धरल्या की त्यातून दिसेल तेवढंच त्या लेन्सला दिसणार. हे मी कुठं वाचलं नव्हतं, स्वतः गणित मांडून काढलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. रविवारी सकाळी हातात चौकटी आणि खिशात टेप घेऊन मी गल्लीत उतरलो. एका घरासमोर उभा राहायचो, चौकट डोळ्यासमोर धरायचो, पावलं मोजत मागं सरायचो, टेपनं अंतर घ्यायचो आणि खडूनं रस्त्यावर आकडा लिहायचो. पंचवीस. पंचेचाळीस. पुढचं घर.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत वळलो तर माझ्या मागं माणसं उभी. सगळ्यात पुढं कोपऱ्यावरच्या मनुबाई, पदर खोचून.

"माझ्या घरासमोर पंचेचाळीस आणि त्या सावकाराच्या घरासमोर पंचवीस?" त्या म्हणाल्या. "ह्यो कुठला न्याय?"

"काय पंचेचाळीस?"

"रस्ता! आमची पायरी जाती काय, तुळस जाती काय, ते सांगा आधी. तुम्ही गल्लीतलंच माणूस, आणि आमच्याच घरावर खडू मारतायसा?"

आमच्या भागात गेली काही वर्षं रस्तारुंदीचं वारं असं आहे की कुणी टेप काढून शर्टाचं माप घेतलं तरी लोक घराचे कागद शोधायला लागतात. मी सांगत होतो की हे फोटोचं आहे, लेन्सचं आहे. ते कुणालाच पटेना. कारण फोटो काढणाऱ्या माणसाकडं निदान कॅमेऱ्याची लेन्स असते, आणि माझ्याकडं पुठ्ठा होता. भावकू अण्णा मदतीला आले आणि म्हणाले, "अवो, त्येच्या सौम्याचा साखरपुडा हाय, त्याच्यासाठी मोजतोय." त्यावर साखरपुड्याची गाडी आत यावी म्हणून हा माणूस वशिला लावून रस्ता रुंद करून घेतोय, अशी नवीनच बातमी गल्लीभर झाली.

तक्रार गेली. दोन दिवसांत मला एका सरकारी ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलामागचे साहेब कन्नड बोलणारे, स्वभावानं शांत. माझं कन्नड उद्यमबागेत शिकलेलं. लोखंडाबद्दल अस्खलित, बाकी अडखळत.

"याव डिपार्टमेंट, री?" साहेबांनी विचारलं. म्हणजे कुठल्या खात्याचे?

"डिपार्टमेंट इल्ला, सर. लेन्स."

"लेन्स?" त्यांनी चष्मा काढला. "एष्टु लेन?" म्हणजे किती लेन.

"वंदे," मी म्हणालो. एकच. "पंचेचाळीसची."

"फॉर्टी फाइव्ह? सिंगल लेन?" साहेबांनी शेजारच्या टेबलाकडं बघितलं. शेजारच्या टेबलानं नकाशा उघडला. आमच्या गल्लीतून पंचेचाळीस फुटांचा एकपदरी रस्ता कुणी मंजूर केला याचा शोध जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला. शेवटी मी मोबाइलवर लेन्सचं चित्र काढून दाखवलं. साहेबांनी ते निरखून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला मराठीत म्हणाले, "माझ्याकडं पण हाय. पण मी झूम घेतली. आरामात खुर्चीत बसून फोटो." मग त्यांनी मला सोडलं, आणि वर गल्लीतला खडू पुसून काढायला सांगितलं. ओला फडका घेऊन मी वाकून रस्ता पुसत असताना मनुबाई पायरीवर बसून देखरेख करत होत्या. "हितं राहिलाय बघा अजून," त्या अधूनमधून सांगायच्या.

इतका अपमान सोसल्यावर निर्णय चुकणं शक्यच नव्हतं. निपाणीचा हॉल मी स्वतः बघून आलो होतो. लांबच लांब, उंच, मागं सरायला जागाच जागा. म्हणजे पंचेचाळीस. लेकीचा चेहरा असा येईल की व्याही बघतच राहतील. कोल्हापूरला जाऊन लेन्स घेतली, बॉडीला बसवली. टक् करून आवाज आला, आणि खरं सांगतो, जावयाला पहिल्यांदा बघितलं तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ज्योतिबा अण्णांचा फोन आला.

"व्याही, जरा घोटाळा झालाय. हॉल निवडणुकीच्या ट्रेनिंगला घेतला सरकारनं. पण काळजी करू नगासा. घरातच करू. वरच्या माडीवर. बसत्यात समदी, जरा दाटीवाटीनं."

"माडी किती लांब आहे?" मी विचारलं.

"आँ?"

"मागं सरायला किती जागा आहे?"

"मागं सरायचं कशाला, व्याही?" ते काळजीच्या आवाजात म्हणाले. "आता समदं ठरलंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निपाणीला पोचलो. माडी म्हणजे एक बोळकांडंच होतं, त्यात साठेक माणसं, दोन पंखे आणि खिडकीत बांधलेला भोंगा. त्यावर सनई इतक्या जोरात लावलेली की बोललेलं ऐकायला ओठ वाचावे लागत. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आदर्शच्या मामाचा कान दिसला. जरा मागं सरलो. मामाचा दुसरा कान दिसला. दोन्ही कान एकाच फोटोत येईनात. आणखी मागं सरलो आणि कुणाच्या तरी ताटात बसलो.

"व्याहीच फोटोग्राफर व्हय?" मामा हसून म्हणाले. "मग पैपाव्हण्यात कोण बसायचं?" त्यांनी गंमतच केली होती. पण मी तेव्हा मागं किती फूट राहिले याचा हिशेब करत होतो, त्यामुळं हसलो नाही, आणि काही न बोलता दाराबाहेर गेलो. हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी ठेवलं नाही. बाकी साठ लोकांनी ठेवलं.

जिन्यातून भिंत दिसत होती. अंगणातून माडीचा तळ. मग मला समोर, अंगण आणि गल्ली ओलांडून, एका घराची गच्ची दिसली. बरोबर माडीच्या उंचीला! आणि माडीला गल्लीकडून भिंतभर मोठी खिडकी. मी धावलोच. ते कमलाआक्का नावाच्या म्हाताऱ्या जैन बाईंचं घर. दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आक्का, मी मुलीचा बाप. तुमच्या गच्चीवर जाऊ काय?"

मुलीचा बाप साखरपुड्याच्या दिवशी गच्चीवर का जातो हे त्यांनी विचारलं नाही. "चामड्याचा पट्टा काढून जावा बाबा, वर पापड घातल्यात," एवढंच म्हणाल्या. मी एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा धरून वर गेलो.

आणि वर गेल्यावर सगळं जमलं! खिडकीच्या चौकटीत सौम्या, हिरव्या साडीत, शेजारी आदर्श. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. मी फोटोमागून फोटो काढत सुटलो. फोन मालूकडं दिला होता, कारण मध्येच वाजला तर हात हलतो. जगाशी संबंध नव्हता, आणि नको होता.

खाली काय घडलं ते मला नंतर कळलं. कमलाआक्का बसदीला, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या. जाताना दार नुसतं ओढून घेतलं. इतक्यात त्यांची सून त्रिशला घरी आली, दार उघडंच राहिलेलं बघून सासूच्या विसरभोळेपणावर दोन शब्द बोलली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली आणि साखरपुड्याला जाऊन बसली.

आणि माडीवर भटजी म्हणाले, "मुलीच्या वडिलांना बोलवा."

वडील नव्हते. जिन्यात नव्हते, अंगणात नव्हते. फोन लावला तर तो मालूच्या पर्समध्ये वाजला. मग कुणीतरी म्हणालं, मामानं चेष्टा केली तेव्हा ते तोंड पाडून गेले. दुसरं म्हणालं, हॉल रद्द झाला तेव्हाच ते नाराज होते. ज्योतिबा अण्णांना आदल्या दिवशीचं माझं फोनवरचं बोलणं आठवलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या मनात काल पाल चुकचुकली होती," ते म्हणाले. "मागं सरायला किती जागा हाय, असं इचारत हुते व्याही!"

यावर आमच्याकडची मंडळी चवताळली. आमचा माणूस उगाच जाईल होय, तुम्हीच काहीतरी लागट बोलला असाल. मामा म्हणाले, मी फक्त कोण फोटो काढतंय एवढंच विचारलं. आमच्या काकू म्हणाल्या, विचारायचं कारणच काय? शब्दाला शब्द लागला.

यातलं मला काहीही ऐकू येत नव्हतं. मला फक्त चेहरे दिसत होते. आणि काय चेहरे होते! ज्योतिबा अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या, काकूंचं उगारलेलं बोट, मामांचे जोडलेले हात. साखरपुड्यात इतका जिवंत भाव मी आजवर कुठल्याही अल्बममध्ये पाहिला नव्हता. निपाणीकडची माणसं मोकळ्या मनाची, असं म्हणत मी बटण दाबत राहिलो.

मग मी एक फोटो मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. सौम्याचा होता. ती रडत होती.

आनंदानं नव्हे. लहानपणी सायकलवरून पडल्यावर, मी धावत येईपर्यंत ओठ दाबून जशी रडायची, तशी. मी शेजारचा फोटो मोठा केला. मालू दाराकडं बघत होती. तिसऱ्यात सगळेच दाराकडं बघत होते. त्या दारातून कोण यायला हवं होतं हे समजायला मला फार वेळ लागला नाही.

पापडांवरून उड्या मारत मी जिना उतरलो. दार बाहेरून बंद! हाका मारल्या, दार बडवलं. भोंग्यापुढं काय चालणार? पुन्हा वर धावलो आणि पुन्हा फोटो मोठे करून पाहिले, कुणाचं तरी लक्ष इकडं आहे का म्हणून. एका फोटोत कोपऱ्यात एक बाई बसली होती, आणि तिच्या कमरेला किल्ली. सकाळपासून इतका नेमका फोकस माझा कुठंच साधला नव्हता. किल्लीचे दाते मोजता येत होते. कुणाची किल्ली ते ठाऊक नव्हतं, पण का कोण जाणे, ती माझीच आहे असं वाटत होतं.

मी डोक्यावरचा फेटा सोडला. तो लांबच्या लांब गुलाबी फेटा दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवत मी नाचायला लागलो. मगाशी काढलेला पट्टा खालीच राहिला होता हे इथं नमूद करतो, आणि त्या प्रसंगाबद्दल यापेक्षा जास्त काही सांगणार नाही.

सौम्यानं डोळे पुसायला मान वळवली आणि मला पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं. तिनं आदर्शचा हात धरून खिडकीकडं बोट दाखवलं. आदर्शनं आधी भोंगा बंद केला. जावई म्हणून त्याला मी त्या क्षणी पास केलं.

एकदम शांत झालं.

"आप्पा!" सौम्या ओरडली. "तुम्ही तिथं काय करताय?"

"फोटो काढतोय!" मी ओरडलो. "दार बंद हाय! मी रागावलेलो न्हाय!"

ते मी का सांगितलं कुणास ठाऊक. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि ज्योतिबा अण्णा खिडकीच्या गजाला धरून मटकन खाली बसले. मग त्यांचं ते छातीभर हसणं सुरू झालं. काकू हसल्या, मामा हसले, आणि सगळी माडी जिन्यावरून धडाधड खाली उतरून अंगणात आणि गल्लीत आली. भटजी ताम्हण घेऊन, आदर्श अंगठीची डबी घेऊन, मालू कपाळाला हात लावून. सगळे वर माझ्याकडं बघत होते. उतरतीचं मऊ ऊन सगळ्यांच्या चेहऱ्यावर. मी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

सगळे मावत होते! मामांचे दोन्ही कानसुद्धा.

"थांबा!" मी ओरडलो. "कुणी हलू नका! अंगठी हितंच घाला, हितनं लई झकास दिसतंय!"

"व्याही म्हणत्यात तसं करा," ज्योतिबा अण्णा डोळे पुसत म्हणाले. त्यांनी त्या दिवशी मी चंद्रावर अंगठी घाला म्हणालो असतो तरी ऐकलं असतं.

पण सौम्यानं हात मागं घेतला. "न्हाय," ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही खाली या. तुम्ही आल्याशिवाय मी घालून घेणार न्हाय."

"अगं, मग फोटो?"

"नसू दे फोटो."

मी कॅमेऱ्याकडं पाहिलं. इतकी मापं, इतका खडू, ते ऑफिस, ते कोल्हापूर. आणि खाली हात मागं धरून उभी असलेली माझी पोर. मापात मी चूक करत नाही. कॅमेरा गळ्यातून काढला.

त्रिशलावहिनी तोवर कुलूप काढून वर धावत आल्या होत्या, माफी मागत, पापडांचा चुरा बघून मध्येच थबकत. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "वहिनी, हे बटण दाबायचं. दुसरं काही करायचं न्हाय. मागं-पुढं सरायचं न्हाय."

"मला येत न्हाय, अण्णा."

"मलाबी न्हाय," मी म्हणालो आणि खाली पळालो.

गल्लीत पोचलो तेव्हा सौम्यानं माझा दंड असा घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. "कुठं गेलता हो तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं..."

"मी सगळा वेळ तुझ्याकडंच बघत होतो," मी म्हणालो. त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

आदर्शनं अंगठी घातली. टाळ्या वाजल्या, अक्षता पडल्या, भोंगा पुन्हा सुरू झाला. कमलाआक्का बसदीतून परत आल्या तर त्यांच्या दारात साखरपुडा. त्यांनी दोघांच्याही हातावर साखर ठेवली, आणि मला पट्टा आणून दिला.

त्रिशलावहिनींनी एकच फोटो काढला. तो आता आमच्या हॉलमध्ये आहे, चांगला मोठा करून. त्यात सगळे आहेत. आदर्श अंगठी घालतोय, सौम्या ओल्या डोळ्यांनी हसतेय, मालू, ज्योतिबा अण्णा, मामा, काकू, भटजी, सगळ्यांच्या नजरा अंगठीवर. फक्त मुलीचा बाप, बिनफेट्याचा, एका हातानं पँट धरून आणि दुसरा हात वर करून, तोंड वासून गच्चीकडं बघतोय. मी तेव्हा "फोकस!" असं ओरडत होतो. भावकू अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की बापाला हुंदका आवरला नाही तो क्षण आहे हा. मी त्यांना अडवत नाही.

निघताना ज्योतिबा अण्णा आमच्या गाडीच्या काचेशी वाकले.

"व्याही, एक इचारू? राग मानू नगा."

"बोला की."

"लग्नाला फोटोवाला आम्हीच सांगतो. तुम्ही आपलं नुसतं पोरीजवळ उभं ऱ्हावा."

माझा मान, माझा शब्द, माझी पंचेचाळीस मिलिमीटर. मी कॅमेऱ्याची पिशवी उचलून मागच्या सीटवर, आहेराच्या पातळांखाली ठेवली आणि ज्योतिबा अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सांगा, अण्णा," मी म्हणालो. "दोन सांगा."